पाण्यातला श्वास



पुण्याच्या शनिवार पेठेत ओंकारेश्वराचं देऊळ आहे आणि देवळाशेजारीच मुठेचा काठ. अशा काठावर संथ पाण्याकडं पाहत राहिलं, की कधी एखादा मासा वर येतो, हवेचा घोट घेतो आणि पुन्हा खाली जातो. पाहणारा म्हणतो, “मासे आहेत, म्हणजे पाणी बरं दिसतंय!” हा समज कितपत खरा, ते आज पाहू.

मासा कल्ल्यांनी श्वास घेतो, हे शाळेतलं पोरही सांगेल. पण पाण्यात विरघळलेला प्राणवायू हवेतल्या प्राणवायूच्या तिसाव्या हिश्श्याएवढाही नसतो. पाणी तापलं, की तो आणखी घटतो. पाला, शेण, सांडपाणी कुजू लागलं, की कुजवणारे सूक्ष्म जीवच तो संपवून टाकतात. अशा वेळी ज्याला वरची हवा घेता येते, तोच मासा तगतो. आपल्याकडची मरळ आणि मांगूर हे असे मासे. त्यांच्या कल्ल्यांच्या वरच्या बाजूला हवा घेण्याची खास सोय असते. मात्र ती फुप्फुसं नव्हेत.

खरी फुप्फुसं असलेले मासेही जगात आहेत. त्यांना फुप्फुसमीन म्हणतात. आज त्यांच्या सहाच जाती उरल्या आहेत: चार आफ्रिकेत, एक दक्षिण अमेरिकेत आणि एक ऑस्ट्रेलियात. आफ्रिकेतल्या फुप्फुसमीनाची तऱ्हा तर न्यारीच. उन्हाळ्यात डबकं आटू लागलं, की हा गडी चिखलात बीळ करून वेटोळं घालून बसतो. अंगावरचा बुळबुळीत चिकटा सुकून त्याची पिशवी बनते. तोंडापाशी तेवढं हवेसाठी भोक राहतं. हृदय मंद चालतं, अंगातलं मांस थोडं थोडं खर्ची पडतं आणि पाऊस आला, की स्वारी बाहेर! गंमत अशी, की या माशाला वर येऊ दिलं नाही, तर तो गुदमरतो. मासा असून पाण्यात बुडून मरतो, म्हणा ना!

आता जरा आपल्या मुलखाकडं वळू. गेल्या शतकाआधीच्या शतकात नागपूरला स्टीफन हिस्लॉप नावाचे मिशनरी होते. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. त्यांना दगडांचा आणि जीवाश्मांचा मोठा नाद. चंद्रपूरच्या दक्षिणेला, आजच्या तेलंगणात, मलेरी नावाचं गाव आहे. तिथल्या तांबड्या मातीच्या थरांतून उंच कंगोऱ्यांचे, चपटे दात मिळाले. भूगर्भशास्त्रज्ञ ओल्डहॅम यांनी १८५९ साली त्यांचं वर्णन छापलं आणि एका जातीला हिस्लॉप यांचं नाव दिलं. तशा दातांचा जिवंत मासा मात्र तोवर शास्त्रज्ञांना ठाऊक नव्हता. पुढं १८७० साली ऑस्ट्रेलियातल्या फुप्फुसमीनाचं वर्णन प्रसिद्ध झालं, आणि दातांची ओळख पटली! मलेरीचे थर सुमारे बावीस कोटी वर्षांपूर्वीचे. आणि हे कूळ तर त्याहून जुनं, चाळीस कोटी वर्षांचं.

त्याच १८५९ साली डार्विनचा ग्रंथ निघाला. माशाला तरंगायला मदत करणारी हवेची पिशवी, म्हणजे वाताशय, बदलून फुप्फुस झालं, असं त्याचं मत होतं. आज शास्त्रज्ञ उलट क्रम मानतात: फुप्फुस आधीचं, आणि रोहूसारख्या माशांतलं वाताशय त्याचंच बदललेलं रूप. म्हणजे फुप्फुस जमिनीवर राहण्यासाठी घडलं नाही. ते पाण्यातच घडलं, बहुधा प्राणवायूच्या टंचाईत. पुढं काही माशांच्या वंशजांना पाय फुटले, तेव्हा ही जुनी सोय कामी आली. बेडूक, सरडा, गाय, माणूस असे आपण सारे त्याच वंशाचे. जिवंत माशांत फुप्फुसमीन आपल्याला सर्वांत जवळचे. आजोबा नव्हेत, पण चुलत आजोबा खरेच.

तर पुन्हा काठावर येऊ. हवेचा घोट घेणारा मासा दिसला, म्हणून पाणी निरोगी ठरत नाही. कल्ल्यांवरच जगणारे मासे गुदमरून गेलेल्या पाण्यातही तो तगू शकतो. मुठेत शहराचं सांडपाणी येतं आणि तेच पाणी पुढं मुळा-मुठेतून भीमेला मिळतं. म्हणून काठच्या गावांनी नुसते मासे आहेत का, एवढंच पाहू नये. कोणते आहेत, तेही पाहावं.

शिक्षकांनी उन्हाळ्यात मुलांना पहाटे गावच्या तळ्याकाठी न्यावं. पाण्यातला प्राणवायू पहाटे सर्वांत कमी असतो. एखादा मासा एकच घोट घेऊन खाली जातो का, की पुष्कळ मासे वरच तोंडं उघडून धापा टाकतात, हे मुलांनी घड्याळ लावून वहीत टिपावं. पहिला आपल्या सवयीनं श्वास घेतोय. दुसरे मदत मागताहेत.