पैच्या आतला हिशेब
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्यातील काही तरुण मंडळी मणी, बटणे, स्क्रू असला बारीक माल ऑनलाइन बाजारात विकू लागली आहेत. त्यांच्या एका अडचणीविषयी आम्ही दोन शब्द बोलणार आहोत. ज्या नगाची किंमत एका पैशाहूनही कमी, तिचा दर लिहावा कसा?

अडचण जुनीच आहे. आमच्या वाडवडिलांच्या कीर्दीत रुपयाच्या १९२ पै असत. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि आण्याचे सव्वासहा नवे पैसे झाले. पाव पैशाचे नाणे मात्र नव्हते! तेव्हा अर्धा वा त्याहून कमी अपूर्णांक सोडावा, अधिक असल्यास पुरा पैसा धरावा, असे ठरले. आण्याचे सहा झाले, जुन्या एका पैशाचे दोन. म्हणजे आण्याचा जिन्नस एकदम घेणाऱ्यास सहा नवे पैसे पडत. तोच पैशापैशाने चार वेळा घेणाऱ्यास आठ. भुर्दंड कोणाला, हे सांगावयास नको.

आज परदेशी विक्रेते रेझिस्टरसारख्या सुट्या भागांचा दर सेंटच्या अंशांत लिहितात. समजा, नग ०.००६ डॉलरचा आहे. शंभरांचे साठ सेंट होतात; पण दर आधीच पुरा सेंट केला, तर तेच शंभर नग एका डॉलरला पडतात. म्हणून आमच्या दुकानदार बंधूंनी दर अपूर्णांकातच ठेवावा, नगसंख्येने गुणावे आणि अखेरच्या बेरजेवरच काय ती सूटछाट करावी.