स्वागताध्यक्षांचे मनोगत : चवळी अंतराळात रुजली



अहिल्यानगर जिल्ह्यात आपले मनापासून स्वागत. ‘अंतराळ आणि सजीव’ हा संमेलनाचा विषय ठरला तेव्हा आमच्याच समितीत कुणीतरी विचारले, पावसाकडे डोळे लावून बसणाऱ्या जिल्ह्याने या फंदात कशाला पडायचे?

उत्तर चवळीने दिले आहे. ३० डिसेंबर २०२४ रोजी पीएसएलव्ही-सी६० हे रॉकेट झेपावले. त्याचा काम संपलेला चौथा टप्पा इस्रोने प्रयोगशाळा म्हणून वापरला. बंद पेटीतल्या आठ चवळ्यांना चार दिवसांत कोंब फुटले, पुढे पाने आली. शेजारी मुंबईच्या ॲमिटी विद्यापीठाने पाठवलेल्या पालकाच्या पेशी होत्या. मूळ खाली आणि कोंब वर, हे बी गुरुत्वाकर्षणावरून ओळखते. तिथे तो आधार जवळपास नाहीच, तरी बी रुजले! राहुरीचे कृषी विद्यापीठ आणि अकोले तालुक्यात गावरान वाण जपणाऱ्या पद्मश्री राहीबाई पोपेरे ज्या जिल्ह्यात आहेत, तिथे बियाण्याची गोष्ट परकी कशी?

माणसाचे मात्र चवळीइतके सोपे नाही. अंतराळात वजन पेलायचे काम उरले नाही की कंबरेची, मांडीची हाडे महिन्याला एक ते दीड टक्का झिजतात. पन्नाशी उलटलेल्या आमच्या आयाबहिणींची एवढी झीज व्हायला साधारण वर्ष लागते. म्हणून अंतराळवीर स्वतःला पट्ट्यांनी बांधून घेऊन धावतात, रोज दोनेक तास व्यायाम करतात. अंगातले पाणी वर सरकते; चेहरा सुजतो, पाय काटकुळे होतात. २०२५मध्ये अंतराळवीर शुभांशु शुक्ला यांनी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर मेथी-मुगाबरोबर स्नायूंच्या पेशींवरही प्रयोग केले. या संशोधनाचा पहिला लाभ अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना मिळावा, असे मला वाटते.

अंतराळातल्या सजीवांचा शोध घेणारे खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर आज आपल्यात नाहीत. त्यांच्या पुढाकाराने २००५ साली हैदराबादहून सोडलेल्या फुग्याने २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा आणली. तीत अतिनील किरणांना दाद न देणारे तीन नवे जिवाणू सापडले. तपासणीत पुण्याची राष्ट्रीय पेशीविज्ञान संस्थाही होती. हे जिवाणू वरून आले की खालून गेले, हा वाद मिटलेला नाही. तो घालायला उद्याचे सत्र मोकळे ठेवले आहे.

दुपारच्या जेवणात हुलग्याची शेंगोळी आहेत. त्याआधी विद्यार्थ्यांनो, न लाजता, मराठीतून प्रश्न विचारा. अध्यक्षांनी सूत्रे स्वीकारावीत, ही विनंती.