गाडी घेताना हेडलाइटची किंमत विचारा

अपघात झालेल्या गाड्यांची पाहणी करायची आणि नुकसानीचा अंदाज काढायचा, हे माझं काम. विमा कंपन्यांसाठी मी ते सव्वीस वर्षं करतोय. त्यामुळे नात्यातलं, सोसायटीतलं कुणीही गाडी घ्यायला निघालं, की आधी माझ्याकडे येतं. प्रश्न ठरलेले. ॲव्हरेज किती देते? डिकी केवढी आहे? पुढे विकताना किंमत येईल का? पण हिचा हेडलाइट केवढ्याला मिळतो, हे आजवर कुणी विचारलं नाही.

खरं सांगायचं, तर मीही ते स्वतःला विचारलं नव्हतं. २०१९ साली मी एका बड्या परदेशी कंपनीची सात वर्षं जुनी गाडी साडेचार लाखांना घेतली. दार लावलं की तिजोरी बंद झाल्यासारखा आवाज यायचा. सौ. म्हणाली, "अहो, एवढी मोठी गाडी इतक्या स्वस्तात का देतायत?" मी ते हसण्यावारी नेलं.

दीड वर्षात तिला उत्तर मिळालं. ऑटोमॅटिक गिअर अडकू लागला. सर्व्हिस सेंटरने एस्टिमेट दिलं एक लाख नव्वद हजारांचं. बिघाड लहानशा भागात होता, पण तो सुटा मिळत नाही, अख्खं युनिटच बदलावं लागेल, असं सांगण्यात आलं. विम्याकडून पै मिळणार नव्हती. विमा अपघाताला असतो, झिजेला नसतो, हे मीच आयुष्यभर लोकांना सांगत आलो होतो. मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली मुदतठेव मोडली, गाडी दुरुस्त केली आणि मिळेल त्या किमतीला विकली. दुसऱ्यांच्या बिलांवर सह्या करताना जे दिसलं नाही, ते स्वतःचं बिल भरताना दिसलं.

तेव्हापासून मी एक वही ठेवली आहे. कुणी गाडीबद्दल विचारलं, की त्यातलं एक पान काढून देतो. पानावर दहा-बारा भागांची नावं असतात. नेहमी झिजणारे भाग म्हणजे ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, ब्रेक पॅड, क्लच प्लेट, शॉकअब्सॉर्बर. ठोकर लागली की जाणारे म्हणजे पुढचा बंपर, हेडलाइट, बाजूचा आरसा, पुढची काच. आणि क्वचितच बिघडणारे, पण बिघडले की घाम फोडणारे, म्हणजे ए.सी.चा कॉम्प्रेसर आणि गिअरबॉक्स. मनात असलेल्या दोन-तीन गाड्यांच्या सर्व्हिस सेंटरमध्ये जायचं आणि पार्ट्सच्या काउंटरवर या किमती विचारून लिहून घ्यायच्या. शोरूममधल्या विक्रेत्याला विचारू नका, त्याला त्या माहीत नसतात.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. पहिली, तुलना बरोबरीच्या मॉडेलशी करा. एकाच गाडीच्या साध्या मॉडेलला हॅलोजन दिवा असतो, वरच्या मॉडेलला एलईडी, आणि दोन्हींच्या किमतीत मोठा फरक असतो. पुढच्या काचेमागे कॅमेरा असेल, तर काच बदलल्यावर तो पुन्हा जुळवून घ्यायचा खर्च वेगळा. दुसरी, किमतीशेजारी आणखी दोन रकाने आखा. भाग सुटा मिळतो की अख्खं युनिट घ्यावं लागतं? आणि तो बाहेर, म्हणजे आपल्या नाना पेठेसारख्या बाजारात मिळतो का? माझ्या अनुभवात गाडीमालकाला रडवतात ते हे दोन रकाने.

फरक पडतो कशामुळे? निव्वळ नाममुद्रेमुळे नाही. फियाटचं १.३ लिटरचं डिझेल इंजिन आठवा. ते फियाटच्या पुंटोत होतं, टाटांच्या व्हिस्टात होतं आणि मारुतीच्या स्विफ्टमध्येही होतं. ज्या भागाच्या गाड्या रस्त्यावर भरपूर, त्याचा माल दुकानात असतो आणि तो बसवणारा मेकॅनिकही सापडतो. जो भाग परदेशातून येतो आणि मोजक्याच गाड्यांना लागतो, त्याची किंमतही चढी आणि वाट पाहणंही लांब.

पण सगळा दोष बाजाराच्या गणिताचा नाही. २०११ साली एका ग्राहकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. सुटे भाग खुल्या बाजारात मिळू दिले जात नाहीत, असं त्याचं म्हणणं होतं. ऑगस्ट २०१४ मध्ये आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. भाग बनवणाऱ्या पुरवठादारांना तो बाहेर विकायला आडकाठी होती, हे आयोगाच्या आदेशात नोंदलं आहे. गाडी बाहेरच्या गॅरेजमध्ये दाखवली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असंही आयोगाने बजावलं. कंपन्या अपिलात गेल्या, दंडाचा वाद लांबला. पण आपली शंका निराधार नव्हती, एवढं त्यातून कळलं.

"विमा आहे ना, मग कशाला काळजी?" असं म्हणणारे असतात. त्यांच्यासाठी माझ्या धंद्यातली एक गोष्ट. साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, टायर आणि बॅटरी यांच्या किमतीतून ५० टक्के घसारा कापला जातो. फायबर ग्लासला ३० टक्के, काचेला काहीच नाही. धातूच्या भागांना गाडीच्या वयाप्रमाणे, दहा वर्षांपुढे निम्मा. आणि हल्ली बंपर कशाचा असतो? प्लास्टिकचा. म्हणजे बंपर जितका महाग, तितका तुमच्या खिशातला निम्मा वाटाही मोठा. घसारा न कापणारी जोड-पॉलिसी मिळते, पण तिचा हप्ता जादा. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारींच्या सर्व सुट्या भागांवरचा जीएसटी सरसकट १८ टक्के झाला. त्याआधी अनेक भागांवर तो २८ टक्के होता. दिलासा आहे, पण तो सगळ्यांना सारखाच. दोन गाड्यांमधला फरक त्याने मिटत नाही.

मध्यंतरी आमच्या शेजारचा मुलगा टूरिस्ट टॅक्सीसाठी गाडी बघत होता. मी त्याला वहीतलं पान दिलं. तो तीन सर्व्हिस सेंटर फिरून आला. जी गाडी चाळीस हजारांनी स्वस्त मिळत होती, तिच्या नुसत्या बंपर, हेडलाइट आणि क्लचच्या किमतीतच ते चाळीस हजार वसूल होत होते. वर काही भागांसाठी तीन आठवडे थांबावं लागेल, असं काउंटरवरच्याने प्रामाणिकपणे सांगितलं. तो म्हणाला, "काका, तीन आठवडे गाडी उभी राहिली, तर बँकेचा हप्ता कोण भरणार?"

त्याने दुसरी गाडी घेतली. हा प्रश्न त्याला गाडी घेण्याआधी पडला. मला पडला तेव्हा मुदतठेव मोडलेली होती.