कॅमेऱ्याला विचारलेला प्रश्न

(कापड उद्योगातील कामगारांवरील माहितीपट या विषयावर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



सण असो वा मंगलकार्य, आपल्या घरांत पहिली खरेदी कापडाची होते. आपण पोत चाचपतो, रंग जाणार नाही ना असे विचारतो, घासाघीस करतो. या रंगात कोणाचे हात बुडाले होते, हे मात्र दुकानात कोणी विचारत नाही. मीही कधी विचारले नव्हते. राहुल जैन या तरुण दिग्दर्शकाचा ‘मशीन्स’ हा २०१६चा माहितीपट पाहिला आणि तेव्हापासून तो प्रश्न पाठ सोडत नाही.

सुरत परिसरातील कापड रंगविण्याच्या व छापण्याच्या एका कारखान्यात हा चित्रपट घडतो. निवेदकाचा आवाज नाही. कोळशाची भट्टी, रंगाची पिंपे, संपता न संपणारे कापड आणि यंत्रांची अखंड घरघर. छायाचित्रण इतके देखणे, की सनडान्स महोत्सवात २०१७ साली त्याचा खास गौरव झाला. दैन्याचे असे देखणे चित्रण करावे का? मलाही ते क्षणभर खटकले. मग एक पोरगा दिसतो. यंत्रासमोर तो उभ्याउभ्या पेंगतो आहे. डोळे मिटतात, मान कलते, दचकून तो सावरतो आणि हात पुन्हा चालू लागतात. कॅमेरा त्याच्यावरून हलत नाही. आपल्याच घरातले मूल अभ्यासाच्या पुस्तकावर असे पेंगते, तेव्हा आई त्याला उचलून अंथरुणावर नेते.

एक कामगार सांगतो की, कर्ज काढून, शेकडो मैलांचा प्रवास करून तो आला. कोणी बळजबरी केलेली नाही, तेव्हा याला शोषण कसे म्हणायचे? माझ्या मते चित्रपटातील सर्वांत क्लेशदायक वाक्य हेच. दुसरीकडे कारखान्याचा धनी सुरक्षा-कॅमेऱ्यांच्या पडद्यासमोर बसून सांगतो की, पोट भरलेला मजूर कंपनीची पर्वा करीत नाही. त्याच्या स्वरात दुष्टावा नाही; व्यवहारातले एखादे साधे सत्य सांगावे तसा तो बोलतो.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांना संघटित केले. त्यांच्या प्रयत्नांतून १८९० साली रविवारची सुटी मिळाली. स्वतंत्र भारताच्या १९४८च्या कारखाने अधिनियमाने दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली, जादा कामाला दुप्पट वेतन ठरविले. आणि या चित्रपटातील आपले बांधव बारा तासांची पाळी करतात, कधी तिला जोडून दुसरीही. संघटना का नाही? पुढारी कोण हे कळले तर त्याच्या जिवाचे काय, ही भीती त्यांच्या बोलण्यातच आहे.

हे केवळ सुरतेचे दुखणे नव्हे. बांगलादेशात ढाक्याजवळ सावर येथे २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली. १,१३४ माणसे गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालच्या मजल्यावरची बँक आणि दुकाने बंद राहिली, वरच्या शिलाई कामगारांना मात्र कामावर बोलावले गेले. अँड्र्यू मॉर्गन यांचा ‘द ट्रू कॉस्ट’ हा २०१५चा माहितीपट तेथे पोहोचतो. पाश्चात्त्य ग्राहकाला त्याने अस्वस्थ केले खरे, पण माझ्या मनाला तो थोडा उपदेशक वाटला. ‘मशीन्स’ उपदेश करीत नाही.

त्याच्या अखेरीस कामगारांचा घोळका कॅमेऱ्याभोवती जमतो. पुढारी येतात, बघतात आणि निघून जातात. तुम्हीही तसेच जाणार का, असे ते दिग्दर्शकालाच विचारतात. काय करायचे ते सांगा, आम्ही करू! पलीकडून उत्तर येत नाही.

मित्रहो, मला त्या जागी भिवंडी आठवली. वीसएक वर्षांपूर्वी तेथील यंत्रमाग कामगारांवर मी लेख लिहिला होता. रात्रपाळीच्या गोंगाटात एक वयस्क कामगार माझ्याशी तासभर बोलला. कानाशी तोंड नेऊन बोलावे लागत होते. निघताना त्याने विचारले, “साहेब, हे छापून आले की काय होईल?” मी म्हणालो, “अंक निघाला की स्वतः आणून देतो.” लेखाचे कौतुक झाले, वाचकांची पत्रे आली. तो अंक घेऊन मी भिवंडीला गेलो नाही.