आभासी चष्मा आणि गांवचें गेम सेंटर

कल्याणच्या पटवर्धन पितापुत्रांनीं १८९२ सालापासून ‘शांबरिक खरोलिका’ या नांवानें जादूच्या कंदिलाचे खेळ केले. पडदा साऱ्या सभेला दिसे. धंद्याचें मर्म तेथेंच होतें. आजचा आभासी चष्मा, म्हणजे व्ही. आर. हेडसेट, नेमका याच्या उलट आहे. देखावा एकाच्या डोक्याला बांधलेला आणि बाकीचे रांगेंत उभे!

साखर कारखान्याभोंवतीं वाढलेल्या श्रीपूरसारख्या गांवीं कोणी तरुण कर्ज काढून असें गेम सेंटर थाटूं म्हणेल, तर त्यानें प्रथम घड्याळ पाहावें. खेळ दहा मिनिटांचा धरला, तर चष्मा चढविणें, समजावून सांगणें आणि घामेजलेली गादी पुसणें यांत आणखी पांच जातात. म्हणजे तासाला गिऱ्हाइकें चारच. शिवाय प्रत्येकास सुमारें दोन मीटर लांबरुंद मोकळी जागा हवी, आणि भिंतीवर हात आपटूं नये म्हणून शेजारीं माणूसहि हवा. कित्येकांना घेरी येते, तें निराळेंच.

आयमॅक्स कंपनीनें २०१७ सालीं लॉस एंजेलिस येथें असें केंद्र उघडलें, पुढें इतर शहरांतहि नेलें. आणि २०१८ च्या अखेरीस उरलेलीं सारीं बंद करण्याचें जाहीर केलें. तिला तो तोटा सोसला. कर्जदार तरुणास सोसेल काय?

चष्मा एखादाच घ्यावा, तोहि गांठच्या पैशानें. आंतला देखावा टी. व्ही.वर दाखवावा, म्हणजे रांगेंतलींहि रमतील. खोलीचें भाडें मात्र जेथें चौघे एकदम बसतात, त्या कॅरमवरच धरावें.