कर्लीच्या खाडीतील जिताडा

मालवण तालुक्यात देवबागजवळ कर्ली नदी समुद्राला मिळते, आणि तेथून आत जिथवर भरतीचे पाणी पोहोचते तिथवरचा तिचा भाग म्हणजे खाडी. फाल्गुन-चैत्रात, पावसाचे गोडे पाणी ओसरून खारेपण वर सरकलेले असताना, अशा खाड्यांत गळाने जिताडा धरतात, ज्याला शेजारच्या गोव्यात चोणक म्हणतात. एका भरतीपासून दुसरी भरती सुमारे 12 तास 25 मिनिटांनी येत असल्याने मासेमारीची वेळ रोज पुढे सरकते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला, म्हणजे मोठ्या भरतीला, अष्टमीच्या सुमाराच्या भांगापेक्षा प्रवाह जोरदार असतो. ओहोटी लागली की कांदळवनाच्या मुळांत शिरलेली कोळंबी व लहान मासे चिंचोळ्या ओहोळांतून बाहेर पडतात, आणि तेथेच दबा धरलेला जिताडा जबडा एकदम उघडून भक्ष्य पाण्यासकट आत ओढतो. त्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड इतकी धारदार असते की तिने तंगूस, म्हणजे गळाची दोरी, तुटते आणि बेसावध हातही कापतो.

जिताड्याची अंडी घालण्याची रीतही वेगळी आहे. अमेरिकेतील हडसन नदीचा पट्टेदार बास मासा वसंतात अंडी घालण्यासाठी समुद्रातून नदीत चढतो. जिताडा नेमका उलट, मुखाकडच्या खाऱ्या पाण्यात उतरून अंडी घालतो. शिवाय तो आरंभी नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो, त्यामुळे खाडीतला सर्वांत मोठा मासा बहुधा मादीच असते. म्हणून अंडी घालण्याच्या काळात, पावसाळ्याच्या तोंडावर, असा मोठा मासा गळाला लागल्यास तो जिवंत परत सोडावा, अशी किनाऱ्यावरील श्रोत्यांना कळकळीची विनंती आहे.