दृष्टीच्या आकृतीतील परतीचा बाण



दृष्टीचा मार्ग पाठ्यपुस्तकांत बहुधा एकाच दिशेच्या बाणांनी दाखवला जातो : दृक्पटलाकडून मेंदूच्या अंतर्भागातील थॅलॅमसकडे, तेथून डोक्याच्या मागील बाजूस असलेल्या प्राथमिक दृष्टिबाह्यकाकडे, आणि पुढे गती, वस्तू व चेहरे ओळखणाऱ्या वरच्या क्षेत्रांकडे. ही आकृती चुकीची नाही. ती अर्धी आहे, आणि तिच्या उरलेल्या अर्ध्या भागाची दखल या अधिवेशनाने घेणे अगत्याचे आहे.

वरच्या क्षेत्रांकडून खालच्या क्षेत्रांकडे परत येणाऱ्या संदेशांना प्रत्याभरण म्हणतात. थॅलॅमसमधील ज्या पेशी डोळ्याचा संदेश पुढे धाडतात, त्यांच्यावरील जोडण्यांपैकी जेमतेम एक दशांश दृक्पटलाकडून आलेल्या असतात, तर बाह्यकाकडून परतणाऱ्या जोडण्या त्यांच्या कितीतरी पट भरतात. अर्थात संख्येवरून वजन ठरत नाही. दृक्पटलाच्या जोडण्या थोड्या असल्या तरी बलवान असतात आणि पेशी कशाला प्रतिसाद देणार हे मुख्यतः त्याच ठरवतात.

परतीच्या या वाटेकडे दीर्घकाळ दुर्लक्ष झाले, त्याचे एक कारण प्रयोगपद्धतीतच दडलेले होते. डेव्हिड ह्यूबेल व टॉर्स्टेन वीझल यांनी १९५९ व १९६२ सालच्या आपल्या निबंधांत दाखवले, की प्राथमिक दृष्टिबाह्यकातील प्रत्येक पेशी दृश्याच्या एका लहानशा तुकड्याकडेच, म्हणजे आपल्या ग्रहणक्षेत्राकडेच, लक्ष देते आणि तेथील रेषेचा कल ओळखते. या कार्यास १९८१ साली नोबेल पारितोषिक लाभले व ते यथायोग्यच होते. परंतु त्यांच्या प्रयोगांतील मांजरांना भूल दिलेली होती.

जाग्या माकडांवर प्रयोग होऊ लागले तेव्हा चित्र पालटले. १९९५ साली व्हिक्टर लामे यांनी माकडांपुढे बारीक तिरक्या रेघांनी भरलेला पडदा ठेवला, ज्यातील एका चौकोनापुरता रेघांचा कल वेगळा होता. पेशीच्या ग्रहणक्षेत्रात पडणाऱ्या रेघा दोन्ही प्रसंगी अगदी त्याच ठेवल्या होत्या. फरक एवढाच, की एकदा त्या चौकोनाच्या आत येत आणि एकदा पार्श्वभूमीत. सुमारे ४० मिलिसेकंदांनी उमटणारा पहिला प्रतिसाद दोन्ही वेळी सारखाच होता. पण १०० मिलिसेकंदांच्या सुमारास चौकोनातील रेघांना मिळणारा प्रतिसाद वाढलेला दिसे. पेशीच्या लहानशा खिडकीतून चौकोन दिसणे शक्यच नव्हते, म्हणून ही वार्ता तिला बाहेरून, बहुधा वरच्या क्षेत्रांकडून, मिळाली असली पाहिजे. त्याच गटाने १९९८ साली दाखवले, की भूल दिल्यावर ही उशिराची वाढ नाहीशी होते, मात्र कल ओळखण्याची क्षमता टिकून राहते. भुलेने सर्वच प्रत्याभरण थांबते असे नाही. तरी जुन्या प्रयोगांतून त्याचा हा भाग का निसटला, हे यावरून उमगते.

त्याच वर्षी झाँ-मिशेल ह्यूपे व सहकाऱ्यांनी गती ओळखणारे वरचे क्षेत्र थंड करून तात्पुरते निष्क्रिय केले, तेव्हा खालच्या क्षेत्रांतील पेशींचे प्रतिसाद मंदावले, आणि आकृती पार्श्वभूमीत जवळजवळ मिसळून गेलेली असताना हा परिणाम विशेष जाणवला.

प्रत्याभरण नेमके काय करते याचे स्पष्टीकरण म्हणून राजेश राव व डाना बॅलर्ड यांनी १९९९ साली मांडलेली उपपत्ती आज सर्वाधिक चर्चेत आहे. वरचे क्षेत्र खाली अंदाज पाठवते व खालचे क्षेत्र त्या अंदाजातील चूक तेवढी वर कळवते, असे ती सांगते. उपपत्ती सुबक आहे. तिच्यानुसार अंदाज जुळला तर चूक, आणि तिच्यासोबत खालचा प्रतिसाद, घटायला हवा. पण लामे यांच्या प्रयोगात परतीच्या संदेशाने प्रतिसाद घटत नाही, तर वाढतो, त्यामुळे तीच एक किल्ली सर्व कुलुपांना लागेल असे मानणे घाईचे ठरेल. जग हा निव्वळ मेंदूचा भास असल्याचा निष्कर्ष काढून त्यात मायावादाचा पुरावा शोधणे तर त्याहून घाईचे आहे, कारण प्रत्याभरण बहुतांशी डोळ्याकडून आलेल्या संदेशाला कमीअधिक करते. त्याची जागा घेत नाही.

तेव्हा पाठ्यपुस्तकांच्या लेखक-संपादकांना या व्यासपीठावरून एवढीच विनंती, की पुढील आवृत्तीत दृष्टिमार्गाच्या आकृतीत परतीचाही बाण दाखवावा, आणि दोन्ही बाणांशेजारी त्यांच्या मिलिसेकंदांचे आकडे द्यावेत.